पोशनवरून पोरांना भोंदू ठरवू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत शहरातल्या पोरांच्या फासे टाकून खेळायच्या रोल-प्लेइंग गेमवर लेख आला होता, आणि त्यावर परवा वाचकांच्या सदरात एका काकांचं पत्र आलंय की ही पोरं जादूची औषधं (खेळात त्यांना पोशन म्हणतात) उकळतात, पारा-गंधकाच्या गप्पा मारतात, ह्यातून उद्याचे भोंदूबाबाच तयार होणार आणि 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा झालेला असताना असले खेळ चालतातच कसे. काकांची काळजी खरी आहे, त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण त्यांनी खेळ बघितलेला दिसत नाही, आणि लेख लिहिणाऱ्यानंही फोटोपुरताच बघितला असावा, कारण किमयेचा अख्खा विषय त्यानं 'पोशन प्यायलं की शक्ती वाढते' ह्या एका ओळीत उरकलाय. माझं मेडिकलचं दुकान आहे, फार्मसी शिकलेय, आणि सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी राजारामपुरीत एका मैत्रिणीच्या हॉलमधे हा खेळ मीच चालवते, म्हणजे डीएम (डंजन मास्टर, गोष्ट सांगणारी) असते, तेव्हा दोन्हीकडचं थोडंफार कळतं म्हणून लिहितेय. पत्र लांबलंय. कापायचंच असेल तर सुरुवातीचं कापा, मधलं ठेवा.

खेळ नवा नाही. अमेरिकेत 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन ह्या दोघांनी डंजन्स अँड ड्रॅगन्स काढला. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात, प्रत्येकाचं एक पात्र असतं, डीएम गोष्ट सांगतो, पात्र काय करणार ते खेळणारा तोंडानं सांगतो आणि जमलं की फसलं ते फासा ठरवतो, बस. काकांनी घेतलाय तोच आक्षेप अमेरिकेतल्या आई-बापांनी 1980 च्या दशकात घेतला होता, पोरं सैतानाच्या नादी लागतील म्हणून एवढा गोंधळ झाला की 1989 च्या आवृत्तीत कंपनीनं राक्षसांची नावंच बदलून टाकली. पुढं ती पोरं मोठी झाली, नोकऱ्या-धंद्याला लागली आणि राक्षसांची जुनी नावंही पुस्तकात परत आली.

आता पोशन. माझी खरी तक्रार काकांविरुद्ध नाहीच, ती खेळाच्या पुस्तकांविरुद्ध आहे. काकांना वाटतं ह्या खेळात किमया फार आहे. मला वाटतं फार कमी आहे!

साधं हीलिंग पोशन घ्या. 2014 च्या नियमात त्याची किंमत 50 सोन्याची नाणी, प्यायलं की चार बाजूंचे दोन फासे टाकायचे, त्यात 2 मिळवायचे, तेवढे हिट पॉइंट (पात्राच्या जिवाचे गुण) परत, म्हणजे कमीत कमी 4 आणि जास्तीत जास्त 10. ह्यात शक्ती-बिक्ती काही वाढत नाही हो, जखम भरते एवढंच, तेवढी एक दुरुस्ती छापली तरी बरं होईल. आणि स्वतः बनवायचं म्हटलं तर 2017 साली आलेल्या जोडपुस्तकात सरळ तक्ता दिलाय: साधं पोशन एक दिवस आणि 25 नाणी, त्याच्या वरचं एक आठवडा आणि 100, त्याच्या वरचं तीन आठवडे आणि 1000, सगळ्यात भारी चार आठवडे आणि 10000. वनौषधींची पेटी वापरता आली पाहिजे एवढी अट आहे, पण कुठली मुळी, कशात उकळली, गाळली कशानं, ह्याबद्दल एक अक्षर नाही. पैसे भरा, दिवस मोजा, बाटली घ्या. ह्याला किमया म्हणायचं की पावती फाडणं?

सगळ्या खेळांत असंच आहे असं नाही म्हणत मी. पाथफाइंडर म्हणून दुसरा खेळ आहे, त्यात 2010 साली अल्केमिस्ट, म्हणजे किमयागार, नावाचा पात्रांचा वर्गच आला आणि 2019 च्या दुसऱ्या आवृत्तीत तर तो मूळ पुस्तकातच घेतला. हा गडी बॉम्ब फेकतो आणि म्युटाजेन नावाचं काहीतरी पितो. पहिल्या आवृत्तीत त्या म्युटाजेनला एक फार छान खोड होती, ताकद 4 नं वाढवली की बुद्धी 2 नं घसरायची, चपळाई वाढवली की शहाणपण घसरायचं. मला हे जाम आवडतं, कारण औषध म्हटलं की गुण आणि दोष जोडीनंच येतात हे त्यात आपोआप आलं. जुन्यातलं आणखी एक, डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या 1979 च्या डीएमच्या पुस्तकात दोन पोशनं पोटात एकत्र झाली तर काय होतं ह्याचा 1 ते 100 आकडा पाडून बघायचा तक्ता आहे, 1 पडला तर स्फोट आणि 100 पडला तर एका पोशनाचा परिणाम कायमचा टिकतो. पोरं त्या 100 च्या आशेनं काय वाट्टेल ते पितात. रोज गिऱ्हाईकांना 'ही गोळी त्या गोळीबरोबर घेऊ नका' सांगून माझा घसा बसतो, ह्या तक्त्यानं ते एका संध्याकाळीत पटवलं.

म्हणून आमच्या टेबलावर मी नियम बदललाय. मोठं पोशन करायचं असेल तर 'किती नाणी दिली' विचारत नाही, 'कसं केलंस' विचारते. इंजिनिअरिंगचं एक पोरगं आहे, कागलकडचं, त्याचा आणि माझा संवाद असा झाला:

"ताई, शंभर नाणी दिली, आठवडाभर बसलो, द्या की पोशन."
"बसलास कुठं?"
"पन्हाळ्यावर, अंबरखान्यात. वारा लागत नाही, जाळ चांगला धरतो."
"बरं. घातलंस काय?"
"शतावरी, गुळवेल आणि ते राक्षसाच्या गुहेतलं आंबट पाणी."
"भांडं कशाचं?"
"तांब्याचं. राजवाड्यातनं आणलेलं."
"कल्हई होती?"

पोरगं गप्प. शेजारची पोरगी खो खो हसायला लागली, म्हणाली अरे माझी आजी बिनकल्हईच्या भांड्यात ताकसुद्धा ठेवू देत नाही, कळकतं ते. मग मी सांगितलं की बाटलीतलं हिरवट दिसतंय, आता प्यायचं का ओतायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. अर्धा तास वाद. शेवटी त्यांनी ते ओतलं नाही, बाणाच्या टोकाला लावायला ठेवून दिलं, आणि पुढच्या वेळी पहिल्यांदा कल्हईवाला शोधला. गोष्टीत मला कल्हईवाल्याचं पात्रच तयार करावं लागलं, जे माझ्या कागदावर कुठंच नव्हतं.

हे सगळं मला काही डोक्यातून काढावं लागत नाही, आपल्याकडच्या रसशास्त्राच्या, म्हणजे पारा आणि धातूंची औषधं करायच्या शास्त्राच्या, ग्रंथांत ढिगानं पडलंय. युरोपातल्या टोकदार टोपीवाल्या म्हाताऱ्याची किमया पोरांना माहीत असते, पण पारा आणि गंधक खलात कोरडेच घोटत राहायचे, पाऱ्याची चमक पार जाईपर्यंत, आणि काजळासारखी काळी भुकटी झाली की ती कज्जली, हे माहीत नसतं. पाऱ्यावर अठरा संस्कार सांगितलेत, स्वेदन, मर्दन, मूर्च्छन, उत्थापन असे क्रमानं. खेळ लिहिणाऱ्याला आणखी काय पाहिजे? प्रत्येक संस्कार म्हणजे एक टप्पा, प्रत्येक टप्प्यावर एक निर्णय आणि एक फासा.

त्यातही मला सगळ्यात कामाच्या वाटतात त्या भस्माच्या, म्हणजे धातू भाजून केलेल्या औषधी राखेच्या, परीक्षा. भस्म तयार झालं की नाही हे वैद्य कसं ठरवायचा? चिमूटभर घेऊन संथ पाण्यावर टाकायचं, तरंगलं तर वारितर. अंगठा आणि बोटात चोळायचं, बोटांच्या रेघांत भरून बसलं तर रेखापूर्ण. उन्हात धरून बघायचं, एक कणही चमकला नाही तर निश्चंद्र. तांब्याच्या भस्माला तर दह्याची परीक्षा, दह्यावर टाकलं आणि दही हिरवं-निळं झालं म्हणजे तांबं अजून कच्चं आहे, पुन्हा पुट द्या, म्हणजे आणखी एकदा भट्टीत भाजा. (त्या पोरीच्या आजीचं ताक कळकायचं तेही ह्याच कारणानं, आंबटात तांबं उतरतं.) आमच्या टेबलावर हे असं चालतं: फासा मी पडद्यामागं टाकते, आकडा कुणालाच दाखवत नाही, पोरांना फक्त परीक्षा करायची मुभा. ती म्हणतात आम्ही पाण्यावर टाकतो, मी म्हणते अर्धं तरंगलं, अर्धं तळाला गेलं. आता एक पुट आणखी द्यायचं की आहे तसं भरायचं? पुट द्यायचं तर आणखी दोन दिवस पाहिजेत, आणि तोवर खाली गावात आजारी पडलेला पाटील टिकेल का? इथं पोरं जी डोकी लावतात ती लढाईत कधी लावत नाहीत.

शोधनाचंही, म्हणजे सामग्री शुद्ध करून घेण्याचंही, तसंच. बिबा सगळ्यांना माहीत आहे, निदान उतला की काय होतं ते तरी माहीत आहे. बिब्बा औषधात घालायचा तर आधी विटेच्या चुऱ्यात चोळून त्याचं तेल काढतात, बचनाग तर सरळ विषच, तो गोमूत्रात नाहीतर दुधात शोधून घेतात. आमच्या खेळात जंगलातून आणलेली अर्धी सामग्री अशीच आहे, कच्ची वापरली की विष, शोधली की औषध, आणि कुठली कशात शोधायची ते पोरांनी हिंडून, विचारून, कुणाच्या तरी पोथीत डोकावून शोधायचं. टाळलं तर पिणाऱ्यानं कॉन्स्टिट्यूशनचा, म्हणजे पात्राच्या काटकपणाचा, फासा टाकायचा, आणि पिणारा बहुतेक वेळा बनवणारा नसतो, त्यामुळे भांडणं फार मजेशीर होतात.

आणि ह्या सगळ्यासाठी लांब ग्रंथांत जायलाच पाहिजे असंही नाही. दिवाळीनंतर करवीर-पन्हाळ्याकडं कुठल्याही गुऱ्हाळावर जाऊन उभं राहा. काहिलीत रस तापतोय, चुलवाणात चिपाडं जातायत, भेंडीचा चिकट रस ओतला की मळी वर येते ती झाऱ्यानं काढतायत, आणि एक माणूस काहीच न बोलता नुसता फेसाकडं बघत उभा असतो, तो गुळव्या. थोडा पाक गार पाण्यात टाकतो, बोटांनी गोळी वळते का बघतो, आणि म्हणतो उतरवा. मिनिटभर आधी उतरवलं तर काकवी, मिनिटभर उशीर झाला तर करपलं. त्याच्याकडं ना घड्याळ ना थर्मामीटर. आमच्या कॅम्पेनमधला, म्हणजे चालू गोष्टीतला, सगळ्यात मोठा किमयागार असाच एक म्हातारा गुळव्या आहे, राधानगरीच्या जंगलाच्या कडेला राहतो, मंत्र-बिंत्र काही येत नाही त्याला, पाक मात्र चुकत नाही. पोरं त्याच्यापुढं चळाचळा कापतात, तिकडं ड्रॅगनला शिव्या घालतात.

आमच्यातल्याच काहींची तक्रार आहे की ताई ह्यानं खेळ स्लो होतो. होतो, खरंय. म्हणून साधं हीलिंग पोशन मी 50 नाण्यांना दुकानातच ठेवलंय, ते घ्या आणि लढा. 2024 च्या नव्या नियमांत तर ते लढाईत बोनस ॲक्शनमधे पिता येतं, म्हणजे पिऊन वर तलवारही चालवता येते, ते मी लगेच घेतलं, चांगला नियम आहे. घोटायचं-शोधायचं काम फक्त मोठ्या, गोष्ट बदलणाऱ्या पोशनांना. आणि ज्याला त्यात रस नाही त्यानं तोवर चहा करावा, जबरदस्ती नाही.

आता काकांचा मुद्दा, अंधश्रद्धेचा. काका, तुमच्याच पेपरात 'दागिने पॉलिश करून देतो' म्हणून दारात येणाऱ्यांच्या बातम्या येतात ना? बाई बांगड्या काढून देते, तो पाण्यात बुडवून लख्ख करून देतो, आणि नंतर वजन केलं की तोळ्यातले काही ग्रॅम गायब. तीन भाग हायड्रोक्लोरिक आणि एक भाग नायट्रिक ॲसिड, आम्लराज म्हणतात त्याला, सोनं विरघळतं त्यात. गल्लीतला किमयागार म्हणाल तर तो हा, उलटा, सोन्याचं पाणी करणारा. त्याच्यापुढं ज्या पोरीनं 'भांडं कशाचं, कल्हई होती का' हे विचारायची सवय लावून घेतलीय ती आईच्या बांगड्या देण्याआधी 'ह्या पाण्यात काय आहे' एवढं तरी विचारेल की नाही? पैशांचा पाऊस पाडणारा बाबा कधी सांगतो का की माझ्या मंत्रानं कमीत कमी 4 आणि जास्तीत जास्त 10 मिळतील, आणि फसण्याची शक्यता इतकी? आमच्या खेळात सगळं कागदावर लिहिलेलं असतं, आणि डीएम गंडवायला लागला तर पोरं पुस्तक उघडून नाकासमोर धरतात.

खऱ्या किमयागारांबद्दलही दोन शब्द. ते सगळे भोंदू नव्हते. हॅम्बुर्गच्या हेनिंग ब्रांटनं सोनं मिळेल म्हणून बादल्याच्या बादल्या मूत्र आटवलं आणि 1669 मधे त्याच्या हाती लागला अंधारात चमकणारा फॉस्फरस. न्यूटननं किमयेवर पानंच्या पानं लिहून ठेवली होती. आणि आपल्याकडचे प्रफुल्लचंद्र रे, 1896 मधे मर्क्युरस नायट्राइट बनवून दाखवणारे पक्के रसायनशास्त्रज्ञ, त्यांनीच 1902 पासून हिंदू रसायनशास्त्राचा इतिहास दोन खंडांत लिहिला. अभिमान होताच, पण ग्रंथ तपासून, काळ लावून लिहिलंय, 'आपल्याकडं सगळं आधीच होतं' असा ढोल नाही बडवला. संतांचं तर काही औरच, परिसा भागवताचा परीस नामदेवांनी चंद्रभागेत फेकून दिला ही गोष्ट मी आमच्या पोरांना सांगितली तर एक जण म्हणाला, ताई, नदीत उतरून शोधायचा क्वेस्ट देता का? काय बोलणार!

शेवटचं, आणि हे मात्र कापू नका, ह्याच्यासाठीच खरं तर लिहायला बसले. लेख आल्यावर आमच्या दुकानात शाळेतली काही पोरं आली, 'काकू, पारा मिळेल का?' म्हणून. लेखाबरोबरच्या फोटोत चांदीसारखं चमकणारं काहीतरी बाटलीत दिसत होतं, त्यावरून आली होती. ते रंगाचं पाणी असणार, त्यात चमकी टाकलेली, आम्हीही ठेवतो तसं. पण पोरांना पाराच वाटला. तर कृपया पुढच्या अंकात ठळक छापा की ह्या खेळाला फासे, पेन्सिल आणि कागद सोडून काहीही लागत नाही. पारा, बचनाग, बिबा, ॲसिड ह्यातलं काहीही घरी घोटायचं, उकळायचं, चाखायचं नाही, मी वर लिहिलेल्या परीक्षा आणि शोधनंसुद्धा टेबलावर तोंडानं सांगण्यापुरतीच आहेत. ऑनलाइन मकरध्वज मागवून मला 'घेऊ का' विचारणारी मोठी माणसंही असतात, त्यांनाही हेच सांगते, पाऱ्याचं औषध आहे, वैद्यांनी तपासून लिहून दिल्याशिवाय तोंडात घालू नका.

आणि घरात जुना पाऱ्याचा थर्मामीटर असेल आणि तो फुटला, तर पोरांना आणि मांजराला आधी बाहेर काढा, खिडक्या उघडा, झाडू किंवा व्हॅक्युम अजिबात मारू नका, पाऱ्याचे गोळे जाड कागदानं हळूहळू एकत्र करून घट्ट झाकणाच्या बाटलीत भरा, अंगठी-बांगड्या काढून मगच हे करा कारण पारा सोन्याला धरतो, आणि बाटली कचऱ्याच्या डब्यात नको, घातक कचरा वेगळा घेतात तिथं द्या. एवढी चौकट छापायला जागा कमी पडली तर माझा नामदेवांचा परिच्छेद काढून टाका.

कळावे,
आपली,
मेडिकलवाली एक वाचक,
राजारामपुरी, कोल्हापूर